साडेअकरा हजार किलोमीटर

"कुठवर आला वं तो?" पार्वताबाईंनी डोळे न उघडताच विचारलं. पहाटेपासूनची ही सातवी वेळ.

खाटेशेजारी बसलेल्या अपेक्षाच्या मोबाइलवरच्या नकाशात एक पिवळं विमान सरकत होतं. त्यात तिचा धाकटा भाऊ पियुष होता. टोरांटो ते दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास. दिल्लीहून नागपूर पावणेदोन तास. तिथून अकोल्याच्या या दवाखान्यापर्यंत गाडीने पाच तास. मधल्या थांब्यांसकट कितीही वेळा बेरीज केली तरी उत्तर रात्री आठच्या आत येईना.

"येऊन राहिला, आई."

आईच्या आतड्याला पीळ पडला होता. गावाहून, हिवरखेडहून आणलं तेव्हा पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं. दोन दिवस औषधांवर काढले. आज सकाळी सातला डॉक्टरांनी अपेक्षाला बाहेर बोलावलं.

"आता थांबता येत नाही. तासाभरात ऑपरेशनला घ्यावं लागेल."

पार्वताबाईंनी सहीचा कागद बाजूला सारला. "पियुषले पायल्याशिवाय मी आत जात नाई. तुमी काई बी करा."

अपेक्षाने समजावलं, चिडली, हातही जोडले. व्हरांड्यात गेली, लगेच परत आली. पुन्हा मोबाइल पाहिला. विमान कास्पियन समुद्रापाशी. दिल्लीच अजून साडेतीन तास लांब. नर्स दारात उभी राहून घड्याळ बघत होती.

अपेक्षा वाकली. "आई, नागपूरले उतरला तो. गाडीत बसला. तू बाहेर येशील तवा तो तुह्यापाशीच राहीन."

"खरंच?"

"खरंच."

पार्वताबाईंनी सही केली.

पुढचे तीन तास अपेक्षा एका जागी बसली नाही. जिन्यावरून खाली, पुन्हा वर. आई आत गेली आणि आलीच नाही तर शेवटचं बोलणं हे, असं सारखं मनात येत होतं. साडेदहाला डॉक्टर बाहेर आले. पीळ सुटला होता, आतडं वाचलं होतं.

एक वाजता आई शुद्धीवर आली. "पियुष?"

"दिल्लीहून आत्ता निंघाला. सकाळी मी खोटं बोलली, आई."

पार्वताबाईंनी मान तिच्याकडे वळवली. "अन् मी मेली असती त?"

आईने तोंड फिरवलं आणि नंतर पाणीही नर्सकडेच मागितलं.

साडेआठला पियुष आला. चुरगळलेला शर्ट, डोळे तांबारलेले. आईने त्याचा हात छातीशी धरला, रडली, त्याच्या दाढीला नावं ठेवली. अपेक्षा दारापाशीच उभी होती.

"बस झालं," पार्वताबाई पियुषला म्हणाल्या. "आधी हिले खाली घेऊन जाय. पहाटपासून पोटात अन्नाचा कण नाई हिच्या."