वेलातला अँटेना

"कुलूप हाये," सुंदरबाई धापा टाकत माझ्या ओट्यावर बसली. "लीलाधर नशिराबादले लग्नात गेला. किल्ली खिशात घालून."

झालं. कार्यक्रम तासाभरावर आलेला, आणि केबलवाला लग्नाच्या पंगतीत.

हा लीलाधर म्हणजे आमच्या असोद्याचा नवा राजा. त्र्याण्णवच्या दिवाळीत त्यानं गच्चीवर डिशची छत्री बसवली, घरोघर वायर ओढली आणि गाव नुसतं वेडं झालं. उठल्यापासून गाणी, झोपेपर्यंत पिक्चर. छपरावर चढून अँटेना फिरवायची कटकट कायमची गेली. सगळ्यांनी अँटेने उतरवून टाकले. मग या शहाण्यानं दूरदर्शनच्या जागी संध्याकाळी व्हिडिओवरचा पिक्चर लावायला सुरुवात केली. कोणी तक्रार केली नाही. शेतीच्या कार्यक्रमाला तर आम्ही नाकंच मुरडायचो.

पण त्या संध्याकाळी त्याच कार्यक्रमात आमची धुरपदाबाई दिसणार होती. आज तेवढं दूरदर्शन लाव, हे सांगायलाच सुंदरबाई लीलाधरकडं गेली होती.

धुरपदाबाई माझ्या समोरच्या घरात राहते. रतिलाल आबांच्या केळीत कामाला जाते. केबल आल्यावर वर्षभरानं, दसऱ्याच्या सुमाराला दूरदर्शनवाले आबांची लागवड बघायला आले, तेव्हा कंद निवडायला हिलाच पुढं बसवलं. हिनं कंद साफ करता करता कॅमेऱ्याकडं बघून बोलूनही घेतलं. काय बोलली, ते गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं. "म्या सांगतलं, मंदे, माझे गुडघे बरे हायेत, तू फिकर करजो नको." साहेबानं हसून मान डोलावली म्हणे.

मंदा तिची एकुलती लेक, बोदवडला दिलेली. लग्नात मानपानावरून व्याही जे फुगले, ते फुगलेच. पोरीला एकदाही माहेरी धाडलं नाही. दिवाळी नाही की अक्षय्य तृतीयेची आखाजी नाही. आखाजीला लेक माहेरी येत नाही म्हणजे काय, ते आमच्या खान्देशातल्या बायकांना विचारा. झोके बांधलेले असतात, गल्ली गाण्यांनी भरलेली असते, आणि ही बाई दार लोटून घरात बसते.

पण व्याह्यांच्या घरात टीव्ही होता आणि त्यांच्या गल्लीत केबल अजून पोचलं नव्हतं. बोदवडच्या एसटीच्या कंडक्टरकडून निरोप गेला, सोमवारी संध्याकाळी टीव्ही लावजो, माय दिसीन. दोन दिवसांनी उलट निरोप आला, लावते. तेव्हापासून धुरपदाबाईचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

म्हणजे तिकडं लेक बघणार आणि इकडं माय कुलूप बघणार. माझं डोकंच फिरलं.

"अँटेना शोधा," मी सांगितलं.

मग जी पळापळ झाली, ती काय विचारता. भाईदासनं त्याचा अँटेना भंगारात घातला होता. तानुबाईनं तिच्या अँटेन्यावर गोधड्या वाळत टाकून त्याच्या नळ्या फेंगड्या करून ठेवल्या होत्या. धड असा एकच निघाला, सुंदरबाईचा. छपरावरून उतरवून तिनं तो परसात बांबूवर उभा केला होता आणि त्यावर गिलक्याचा वेल चढला होता. हात हात गिलकी लोंबत होती.

भाईदास विळा घेऊन पुढं झाला, तशी सुंदरबाई आडवी आली.

"दिवेलागण झाली, भाऊ. आता झाडाले हात लावत नई. झोपेल हाये ते."

"एका दिवसानं काय होते व?"

"तुले झोपेतून उठवून कापलं तं चालीन का?"

मी तिला चांगले चार शब्द सुनावणार होते. पण धुरपदाबाईच म्हणाली, "राहू द्या माय. माझ्यापायी वेलाले काबरं दुखवता?"

मग आमचा टीव्हीच उचलला. एका बाजूनं आमचे हे, दुसऱ्या बाजूनं भाईदास, नवरदेवाला मांडवात आणावं तसा तो परसात आणला. सुंदरबाईच्या स्वयंपाकघरातून वीज ओढली. गोणपाटं अंथरली. गल्लीतलं कोणी घरात उरलं नाही, आणि धुरपदाबाईला सगळ्यांच्या पुढं बसवलं. ती नवं लुगडं नेसून आली होती, जशी काही मंदा तिला तिकडून या परसातच बघणार होती.

पडद्यावर नुसत्या मुंग्या. भाईदास वेलाला धक्का न लावता बांबू जरा जरा फिरवू लागला.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं."

"आता?"

"जरासं जळगावकडं घे!"

कितीतरी महिन्यांनी आम्ही असे ओरडत होतो. केबलवर इतके पिक्चर बघितले, पण अशी मजा एकदाही आली नव्हती.

आणि चित्र लागलं. रतिलाल आबा, इस्त्रीचा सदरा, कडक टोपी. केळीचा कंद कसा निवडावा, ते आबा सांगू लागले. मग पडद्यावर दोन हात आले. विळ्यानं मुळ्या छाटत होते, अंगठ्यानं कोंबाचा डोळा चाचपत होते, कंद फिरवून बाजूला ठेवत होते. आवाज आबांचाच. आम्ही पुढं सरकलो. आता कॅमेरा वर जाईल, आता जाईल. नाही गेला. पुन्हा आबा आले, मग खताची माहिती, मग कार्यक्रम संपला.

त्या साहेबाच्या कानाखाली वाजवावी, असं मला वाटलं. तोंड नाही, गुडघे नाहीत, लेकीचं नाव नाही.

"हात आले ना," धुरपदाबाई म्हणाली.

"नुसते हात बाई," मी चिडूनच बोलले.

"अवो, जन्मली तवापासून या हातांनी तिले न्हाऊमाखू घातलं, येनी घातली. ती वळखीन."

बातम्या सुरू झाल्या. भाईदास वायर काढायला उठला.

"बंद नको करू भाऊ," ती म्हणाली. "तिकडं बी चालूच असीन आता."

धुरपदाबाईनं जन्मात कधी बातम्या बघितल्या नव्हत्या. त्या दिवशी मात्र ती पाय लांब करून, गुडघे चोळत, संपेपर्यंत बघत राहिली. आम्हीही कोणी उठलो नाही.