सहावा मंगळवार

“हातकड्या पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत हं,” मी अजयला वर्गाच्या दारातच बजावलं.

“माहितीये काकू. ट्रेनिंगमध्ये फर्स्ट डेलाच सांगितलाय ते.”

१९९२ साल, लंडनच्या क्रॉयडनमधली आमची शाळा. अजय आमच्या मराठी मंडळातल्या सुहासिनीचा मुलगा, इथेच वाढलेला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा नवा कॉन्स्टेबल. शाळांत जाणाऱ्या पोलिसांचं ट्रेनिंग घेत होता. सहा मंगळवार तो माझ्या वर्गाशी बोलणार आणि मी मागच्या खुर्चीवर बसून त्याचा फॉर्म भरणार. एकच नियम कडक होता: पोलिसाला मुलांसोबत एकटं सोडायचं नाही. माझा शेरा वाईट गेला, तर त्याचं शाळेतलं काम संपलं.

सांगायला लाज वाटते, पण मी त्याच्यावर जळत होते. चौदा वर्षं गणित शिकवून मला मिळाल्या त्या जांभया. आणि हा चार मंगळवारांत सगळ्यांचा लाडका! वर्गातली लीॲन वर्षभर माझ्याशी चकार शब्द बोलली नव्हती. त्याच्यासाठी मात्र पहिल्या बाकावर येऊन बसायची.

पाचव्या मंगळवारी मी म्हटलं, “दोन मिनिटांत फोटोकॉपी काढून येते.”

“काकू, पण रूल आहे ना—”

“अरे, आलेच!”

फोटोकॉपी वगैरे काही नव्हती. मी स्टाफरूममध्ये चहा पीत बसले. घालू दे पोरांना धिंगाणा, मग कळेल याला वर्ग सांभाळणं म्हणजे काय.

परतले तर वर्ग चिडीचूप. लीॲन उभी राहून सांगत होती, बसस्टॉपवर मोठ्या मुली तिला रोज कशा मारतात ते. अजय तिच्या बाकाशी उकिडवा बसून ऐकत होता. मला बघताच ती गप्प झाली.

तिच्या त्या गप्प होण्यानं माझं डोकंच फिरलं. मी फॉर्मवर लिहिलं, ‘अधिकारी दहा मिनिटं मुलांसोबत एकटे होते.’ शब्द न् शब्द खरा.

अजयनं वाचलं. खाली त्याच्या म्हणण्यासाठी चौकट होती. मीच वर्ग सोडून गेले होते एवढं त्यानं लिहिलं असतं, तरी माझी धडगत नव्हती.

“बरोबर आहे, काकू. मी पण तुमच्यामागे बाहेर यायला पाहिजे होता,” तो म्हणाला आणि सही केली. चौकट रिकामीच ठेवली.

शुक्रवारी त्याच्या सार्जंटचा फोन आला. अजयला परत गस्तीवर पाठवलं होतं.

सहाव्या मंगळवारी मी अपूर्णांक शिकवायला घेतले. पहिला बाक रिकामा होता.

“लीॲन, पुढे ये.”

ती हलली नाही. मागे, माझ्या त्या फॉर्मच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसली होती, आणि तासभर माझ्याकडे बघत राहिली.