शिंगलेला सहा खिळे

“चारच!” माईंनी अर्धा सोललेला बटाटा तसाच पातेल्यात टाकला. “अरे, तो चारच मारतोय!”

“काय चार, आई?” मुलाने मोबाइलमधून मान वर काढली नाही.

“खिळे. छपरावरचा गडी. ऐक ना. ठप, ठप, ठप, ठप... थांबला. घेतली पुढची शिंगल. पश्चिमेच्या उताराला सहा लागतात.”

“तू स्वयंपाकघरात बसून खिळे मोजतेस?”

मोजत कुठे होत्या? कानच तसे घडलेले. माईंचे यजमान चाळीस वर्षं छपरं घालत. शिंगला म्हणजे डांबराचे चपटे तुकडे, वर बारीक खडीचे दाणे. माशाच्या खवल्यांसारखे खालून वर, एकावर एक बसवत जायचे. हातोडीच्या आवाजाने त्यांचे कान गेले, तेव्हापासून माई शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहू लागल्या. खिळा लाकडात न बसता फटीत गेला, की आवाज पोकळ यायचा. माई शिडीवर थाप मारायच्या. शिडी थरथरली की ते वरून वाकून बघायचे. लोक म्हणत, या छपरवाल्याचे हात वर असतात आणि कान खाली.

ते जाऊन नऊ वर्षं झाली. या घराचं छप्परही त्यांनीच घातलेलं. गेल्या वर्षी पन्हळ साफ करताना कुजक्या पानांबरोबर वाटीभर दाणे हाताला लागले, तेव्हा माई म्हणाल्या होत्या, “टक्कल पडतंय बरं छपराला. आता फार दिवस नाही काढायचं ते.” मुलाने तेवढं ऐकलं, पण नव्या शिंगला त्याने फोनवर चित्रं बघून ठरवल्या. माई म्हणाल्या, जाड घे आणि फिकट घे, उन्हाळ्यात वरच्या खोल्या तापतात. सूनबाई म्हणाली, समोरच्यांच्या काळ्या किती छान दिसतात! काळ्या आल्या. माईंनी तोही घोट गिळला. काळ्या रंगाने कुणी भिजत नाही.

हात पुसत त्या अंगणात गेल्या. ठेकेदार शिडीला टेकून उभा होता.

“आजी, बाजूला व्हा. डोक्यात काहीतरी पडेल.”

“माझ्या डोक्यात पडायचं ते चाळीस वर्षांत पडून झालंय. चार खिळे का मारताय?”

“चारच मारतात, आजी. सगळीकडे.” मग तो मागून आलेल्या मुलाकडे वळला. “साहेब, काळजी करू नका. खाली डांबराची चिकट पट्टी असते. उन्हाने आपोआप धरते ती.”

“ऊन कुठाय?” आठ दिवस आभाळ राखेसारखं होतं. “आणि या टेकाडावर वारा कसा सुटतो, ते सांगितलंय का कुणी तुमच्या पट्टीला?”

“आई, प्लीज.”

माईंनी कचऱ्याच्या ढिगातून शिंगलांचं वेष्टन ओढून काढलं, गुडघ्यावर ठेवून सरळ केलं आणि मुलापुढे धरलं. “हे खालचं बारीक वाच.”

मुलाने वाचलं. जोराच्या वाऱ्याच्या जागी प्रत्येकीला सहा.

ठेकेदाराने मान खाजवली. “कंपनीवाले काय, काहीही लिहितात.”

“लिहिलंय ना, मग मारा,” मुलगा वैतागून म्हणाला. पण वैताग ठेकेदारावर नव्हता. “आणि तू आत जा बघू, आई. जिथे तिथे मला खाली बघायला लावतेस!”

माई आत गेल्या. वर गडी चढला. वरची शिंगल उचलायची, खालचीला दोन खिळे. ठप, ठप. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. उतारावर चोवीस ओळी होत्या. तिसरीपाशी आवाज थांबला. शिडी उतरवल्याचा खडखडाट झाला, मग कुणाचं तरी हसणं. माई चपला सरकवून बाहेर येईपर्यंत गाडी वळणाआड गेली होती.

मुलगा फाटक लावून येत होता. “झालं बघ, आई. सगळीकडे सहा. मी त्याला सोडलाच नाही.”

तो खुशीत होता. ठेकेदाराने त्याला तसंच सांगितलं होतं आणि त्याने ते खरं मानलं होतं. माईंच्या ओठांवर शब्द आले. पण वर चढून दाखवायचे गुडघे राहिले नव्हते, आणि नुसत्या कानाची साक्ष कोण धरतो?

“आता तरी समाधान?”

“हो,” माई म्हणाल्या. “चांगलं करून घेतलंस.”

छपराच्या बाबतीत त्या आजवर कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

जिना चढायला त्यांना वेळ लागला. पश्चिमेच्या उताराखालच्या खोलीत नात अभ्यासाला बसली होती. माईंनी बाहेरच्या भिंतीलगतच्या तिच्या पलंगाची कड धरली आणि आतल्या भिंतीकडे ओढायला लागल्या.

“अगं आजी, हे काय?”

“तिथे खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो. डोळे बिघडतील.” माईंना धाप लागली होती. “बघत काय बसलीस? धर तिकडून.”