शनिवार-रविवारचा गवा

मूठभर सरकी पेंडीसाठी मी गळ्यातली घंटा काढू दिली. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी शिंगं धरली नाहीत. मी आपणहून मान पुढे केली आणि वर डोळे मिटून चघळत राहिले. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे मी चिडले की तुम्ही म्हणायला नको, बाई, तुझंही चुकलंच की. चुकलं. मी म्हैस आहे, म्हशीच्या अकलेनं वागले. ज्यांना माणसाची अक्कल मिळाली होती त्यांनी काय केलं, ते आता ऐका.

माझं नाव मैना. आवाजावरून ठेवलेलं नाही, उगाच आशेनं ऐकू नका. जन्म सारोळ्याचा. नीरेच्या पुलाजवळ हायवेला लागून गोठा होता, तिथला. तुमच्या हिशोबानं आता माझी चाळिशी उलटली असेल. चार वेतं झाली, कंबर कुठे होती ते आठवत नाही.

पहिल्या वेताच्या आधी अंबूबाईंनी मला घेतलं आणि टेम्पोत घालून पासलीला आणलं. किकवी गेलं, नसरापूर गेलं, मग वेल्ह्याकडची वळणं लागली. मी एका अंगाला कलले की टेम्पोपण कलायचा. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "आज्जे, म्हस हाय का रोडरोलर?"

अंबूबाई म्हणाल्या, "तू रस्त्याकडं बघ."

तेव्हाच मला बाई आवडल्या.

पासलीला त्यांनी माझ्या गळ्यात पितळेची घंटा बांधली. आमच्याकडे पठारावर धुकं उतरलं की आपलं शेपूट आपल्याला दिसत नाही. मी वर चरते, बाई खाली भातात वाकलेल्या असतात, आणि मध्ये तो एक आवाज. सावकाश वाजली की मैना चरतेय. थांबली की बसलीय. धडाधड वाजली की काहीतरी मागे लागलंय, आणि बाई कोयता घेऊन वर निघतात. मोबाईलला आमच्याकडे रेंज नसते. घंटेला होती.

मग इंद्रजित आला. हा किकवीचा, अंबूबाईंच्या चुलतभावाचा मुलगा, त्यांना आत्या म्हणतो. तिशीचा गडी, बोलायला गोड. आधी पुण्यात कुणाची तरी गाडी चालवायचा. मग त्यानं एक जुनी जीप घेतली, वरचं टप काढून टाकलं, हिरवा रंग दिला, दारावर वाघाचा पंजा काढला. आमच्याकडे वाघ नाही. पंजा तेवढा आहे. स्वारगेटहून पहाटे निघायचं, भोर-वेल्ह्याचं जंगल बघायचं, संध्याकाळी घरी. सोबत गाईड. गाईड म्हणजे तोच, पण टोपी घातलेला.

पहिले काही आठवडे लोकांना काय दिसलं? माकडं, बगळे आणि एक मुंगूस, तेही अर्धं. जंगल म्हणजे काही दुकान नव्हे, शटर वर केलं की माल मांडलेला. पण हे इंद्रजितनं कुणाला सांगितलं नाही आणि येणाऱ्यांनी विचारलं नाही. एका बाईंनी मोबाईलवर लिहिलं, 'प्राणी दिसले नाहीत. पोहे चांगले होते.' ते त्यानं वेल्ह्यात वाचलं आणि वर पासलीला येईपर्यंत त्याचं पाठ झालं होतं. जीपला टेकून तो एकटाच म्हणत होता, "पोहे चांगले होते. पोहे!"

पुढच्या शनिवारी दाट धुकं होतं. मी पठाराच्या कडेला रवंथ करत उभी होते. डोक्यात काही नव्हतं, नेहमीसारखंच. खालून जीप आली आणि जीपमधला एक माणूस किंचाळला, "गवा! गवा!"

इंद्रजितनं माझ्याकडे पाहिलं. एरवी तो मला 'काय मैनाबाई' म्हणून हाक मारतो. त्याचं तोंड उघडलं. 'म्हैस' हा शब्द त्याच्या ओठापर्यंत आलेला मी बघितला. मग त्यानं तोंड मिटलं, आणि हळूच म्हणाला, "कुणी हलू नका."

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण मी मान वर केली. शिंगं जरा तिरकी धरली. जन्मात माझा फोटो कुणी काढला नव्हता. कानात बिल्ला मारायला आलेल्या डॉक्टरांनी एकदा काढला, तोही फक्त कानाचा.

मान वर केली तशी घंटा वाजली.

"गव्याच्या गळ्यात घंटा?" कुणीतरी विचारलं.

"देवळातली वाजली," इंद्रजित म्हणाला.

त्यानंतर त्याची पद्धत ठरून गेली. लोकांना खाली चहाला बसवायचं, "मी जरा माग काढून येतो" म्हणायचं, आणि पेंडीची पिशवी घेऊन सरळ माझ्याकडे यायचं. घंटा काढून पिशवीत. खऱ्या गव्याच्या पायात म्हणे गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे असतात. त्यासाठी भिंतीला लावायचा चुना भिजवून आणायचा आणि माझ्या चारी पायांना फासायचा. चुन्यानं कातडी किती चुरचुरते, ते त्यानं स्वतःच्या नडगीला लावून बघावं. पेंड संपेपर्यंत मला कळायचं नाही. संपल्यावर कळून उपयोग काय?

लोकांना परत खाली सोडलं की तो येऊन घंटा बांधायचा. मी डबक्यात लोळले की मोजे जायचे. खाली भातात अंबूबाईंना वाटायचं, घंटा थांबलीय म्हणजे मैना बसलीय. आळशी म्हणून माझं नाव आहेच.

आणि बघायला येणारे तरी कसे? हिंडायला येतात ते गाणी लावून. चिमणी उडाली तरी ओरडतात. एकानं माझ्याकडे वेफरचं पाकीट भिरकावलं, गव्याला आवडतं का बघायला. रिकामं पाकीट! गवा काय, डुक्करसुद्धा ते खात नाही. मी खाल्लं. दोन दिवस पोट धरून उभी होते. तिकडे पुण्यात तो माणूस सांगत असेल, सह्याद्रीचा गवा माझ्या हातचं खाऊन गेला.

त्या रविवारी माझे दिवस भरले होते. सकाळी सोडताना अंबूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "आज लांब जाऊ नगंस, मैने. आन् औंदा पारडीच दे, रेडा काय दूध देत न्हाई." मी जाणार नव्हते. पण रविवार होता, आणि रविवारी पठारावर पेंड असते. गेले. पाठीमागून कळ यायला लागली होती, तरी गेले.

सातजण होते. शेफाली नावाची चष्मेवाली मुलगी मात्र नीट बघत होती. म्हणाली, "दादा, त्याच्या कानात पिवळा बिल्ला आहे."

"गणतीचा हाय मॅडम. सरकारी."

"त्यावर बारा आकडे आहेत."

"गवे लई झालेत," इंद्रजित म्हणाला.

मला उभं राहवेना. मी खाली बसले. तर पुढे बसलेला एक मोठ्या कॅमेऱ्याचा गृहस्थ कुरकुरायला लागला, "बसलेला काय फोटो काढायचा? उठवा ना त्याला." इंद्रजित म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब." पण साहेबांना राहवलं नाही. त्यांनी वाकून जीपचा हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला.

मी हायवेवर जन्मलेली म्हैस, हॉर्नला भिणारी नव्हे. पण त्या दिवशी माझ्या पोटात एक जीव खाली सरकत होता. मी उठले आणि धावले, वाट न बघता, सरळ उतारावरून. मागून टाळ्या ऐकू आल्या. "काय पळाला बघ! व्हिडिओ आला का?"

टाळ्या! नवव्या महिन्यात तुमच्या बायकोला असं कुणी पळवलं असतं, तर वाजवल्या असत्या?

खाली ओघळ होती. माझे मागचे पाय घसरले आणि मी दोन मोठ्या दगडांत अडकून बसले. पुढे सरकता येईना, मागेही येईना. कळा वाढल्या. वर धुकं असं, की आभाळ आणि जमीन एक. ह्याच ओघळीतून गेल्या वर्षी बिबट्यानं शेजारच्या गोरखचं वासरू उचललं होतं. हंबरावं तर तो ऐकेल. मी मान हलवली. जोरानं हलवली. काहीच वाजलं नाही.

मूर्खपणाला आवाज नसतो, हे मला तेव्हा कळलं. घंटा जीपमध्ये पडली होती आणि जीप जेवायला निघून गेली होती. साहेबांना भूक लागली होती, त्या घाईत इंद्रजित ती बांधायलाच विसरला.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. हल्ली शनिवार-रविवारी मी दावणीलाच असते, आणि अंबूबाई शेजारणीला ते सांगत असतात. वेल्ह्यातलं नेहमीचं हॉटेल त्या दिवशी बंद होतं. सात भुकेली माणसं घेऊन इंद्रजित कुठे जाणार? आत्याकडे आला. अंबूबाई भाकरी थापत होत्या. शेफालीनं मोबाईल पुढे केला. "आजी, बघा ना, आज आम्हाला गवा दिसला."

बाईंनी हाताचं पीठ पुसलं आणि मोबाईल लांब धरला.

"ही आमची मैना हाय."

"कोण?"

"म्हस हाय माजी. ह्ये मोठं कसं करायचं?"

शेफालीनं फोटो बोटांनी मोठा करून दिला. सातजणांनी ज्यात शिंगं पाहिली होती, त्यात अंबूबाईंनी माझं मागचं अंग पाहिलं. शेपूट उचललेलं, कास उतरलेली.

"कवाचा फोटू?"

"तास झाला असेल."

"आरं, ही व्यायला झालीया. घंटा कुटं हाय हिची?"

इंद्रजित ताटातल्या भाकरीकडे बघत होता.

"इंद्रजिता, तुला इचारतीया."

"जीपमदी हाय, आत्या."

"आन् पाय कशानं पांढरं झालं?"

"चुना."

कॅमेरेवाले गृहस्थ ताटावरूनच म्हणाले, "म्हणजे आम्ही पुण्याहून म्हैस बघायला आलो?"

"तुमी काय बघाया आला त्ये मला ठावं न्हाई," अंबूबाई म्हणाल्या. तवा उतरवला, कोयता घेतला. "उठा समदी. जेवान ऱ्हाऊ द्या."

इकडे माझं लेकरू जगात आलं. आलं आणि उतारावरून घसरलं, ते खाली ओघळीच्या पाण्यात. माझ्यापासून चार पावलांवर. तोंड पाण्याबाहेर काढायचं, परत आत जायचं. मी दगडांना अंग घासलं, कातडं सोलून निघालं, पण दगड हलेनात.

तेवढ्यात वरून अंबूबाईंचा आवाज आला, "आता कुनी तोंड उघडायचं न्हाई. नुसते कान द्या."

आणि खरंच, सगळं गप्प झालं. सकाळपासून पहिल्यांदा ही माणसं जंगलात गप्प उभी राहिली होती.

बिबट्या गेला खड्ड्यात. मी जी हंबरले, ती जन्मात कधी हंबरले नव्हते तशी. पठारावरचे दगडसुद्धा दचकले असतील.

"तिथं! खाली!" शेफाली ओरडली.

पहिला इंद्रजित उतरला. उतरला म्हणजे पडतच आला. टोपी एकीकडे, चप्पल एकीकडे. कमरेएवढ्या पाण्यात गेला आणि लेकरू छातीशी धरून वर आला. ते हलत नव्हतं. अंबूबाईंनी त्याला मागच्या पायांनी उलटं धरायला लावलं, नाकातलं पाणी बोटानं काढलं, छातीवर थापट्या मारल्या. एक. दोन. इंद्रजित रडकुंडीला आला होता. "आत्या, चुकलं माजं. आत्या, हलंना ओ."

"हलीव मग. बोलतो काय?"

त्यानं दोन्ही हातांनी अंग चोळलं, आणि लेकरू शिंकलं. शिंकलं आणि पाय झाडून त्याच्या पोटात लाथ मारली. माझ्यावर गेलं होतं.

दगडांतून मला काढायला सातही जण लागले. कॅमेरेवाले साहेब माझ्या शेपटाकडे होते. धापा टाकत म्हणाले, "केवढी जड आहे ही!" मी ऐकून घेतलं. त्यांच्या शर्टावर मी जे केलं ते मुद्दाम नव्हतं, एवढंच सांगते.

लेकराला चाटून झालं आणि मग माझा राग सुटला. मी मान वर करून सगळ्यांना सुनावलं. म्हटलं, जंगल बघायला या, पण जे असेल ते बघा. काही दिसलं नाही तर 'नाही दिसलं' म्हणा आणि घरी जा, त्यानं कुणी मरत नाही. धुकं बघा, दगड बघा, म्हैस दिसली तर म्हैस म्हणून बघा. आम्हाला रंग फासू नका, तुमच्या हौसेसाठी पळवू नका, तुमचा कचरा आमच्या पोटात घालू नका. आणि इंद्रजिता, तू तर घरचा! ज्या हातानं मला खाजवतोस, त्याच हातानं मला मुकी केलीस? म्हटलं, बाई, तुम्हीच सांगा ह्यांना. धुक्यात, दगडात अडकून, एकटीच्या जिवावर मी व्याले, आणि एवढ्या जोरात हाक मारली म्हणून हे पोर वाचलं. निदान एकदा शाबास तरी म्हणा.

माणसांना त्यातलं फक्त हंबरणं ऐकू आलं असणार. पण अंबूबाईंना माझं सगळं कळतं. त्यांनी पदरानं लेकराचं तोंड पुसलं, पाय पुसले, शेपूट उचलून बघितलं, आणि माझ्याकडे वळल्या.

"गप, मैने," त्या म्हणाल्या. "रेडा झालाय."