इंजिनातलं ताट

आकारामतात्यांची गाडी माझ्या गॅरेजला पोचायच्या आधी तिचा धूर पोचला. दहिवडीत त्या दिवशी वारं पाठीमागून होतं. त्यामुळं आधी धूर आला, मग मला खोकला आला आणि मग तात्या आले. मागच्या सीटवरून मायाकाकू उतरल्या. हातात सूप, सुपात घेवडा. गाडी दुरुस्त होईस्तोवर घेवडा निवडून व्हावा, असा बेत होता.

"दिग्विजय, उद्या अकराला साताऱ्यात पासिंग हाय," तात्या म्हणाले. "गाडीला पंधरा वर्सं झाली. धुरात नापास झाली तर भंगारात."

"आणि पास झाली तर?"

"आणखी पाच वर्सं. डाक्टर मलाबी एवढं सांगत न्हाई."

त्यांच्या वाडीला एसटी दिवसातून एकदा येते, तीही यायची असली तर. गाडी गेली की दवाखाना, बाजार, देव, सगळंच वाडीपासून वीस किलोमीटर लांब सरकणार होतं.

मी एअर फिल्टर पाहिला. ठीक होता. इंजेक्टर पाहिले. तेही वयाच्या मानानं बरे होते. मग स्कॅनर लावला. त्यानं एका क्षणात सांगितलं की दोष ईजीआर व्हॉल्वमध्ये आहे. हा व्हॉल्व म्हणजे इंजिनानं सोडलेल्या धुरातला थोडा धूर परत इंजिनालाच पाजणारी झडप. बाहेर जाणारं विष कमी व्हावं म्हणून केलेली सोय. जुन्या डिझेल गाडीत ती काजळीनं उघडीच अडकते. मग इंजिनाला हवा कमी आणि स्वतःचाच धूर जास्त मिळतो, चढाला गाडी रडते आणि मागून काळे ढग निघतात.

मी पाना उचलला. तात्यांनी माझं मनगट धरलं.

"त्येला हात लावू नगंस."

"तात्या, दोष तिथंच आहे."

"दुसरीकडं बघ की रं. चाकं बघ."

"चाकातून धूर येत नाही."

तात्यांनी मला जुन्या टायरांच्या ढिगामागं ओढलं. तिथून काकू दिसत होत्या. म्हणजे काकूंनाही आम्ही दिसत होतो. पण तात्यांना आडोसा मिळाल्यासारखं वाटलं.

"सहा वर्सांमागं," ते कुजबुजले, "तासगावाहून येताना गाडी अशीच बसली. वाटंवरचा एक मिस्त्री म्हनला, ह्या व्हॉल्वच्या तोंडाला पत्र्याची पट्टी मारा, कटकट मिटंल. पत्रा न्हवता. डिकीत शिदोरीचं ताट हुतं."

"मग?"

"कापलं."

"कुणाचं ताट?"

तात्यांनी काकूंकडं नुसती हनुवटी केली. पुढचं मला ठाऊक होतं, कारण ते अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. काकूंच्या लग्नात त्यांच्या तासगावच्या नानासो मामांनी आपलं नाव घालून सहा ताटांचा संच दिला होता. त्यातलं एक गेलं. त्याच आठवड्यात धाकटी जाऊ राजेश्वरी पोराच्या जावळाला भांडी मागून घेऊन गेली होती. काकूंनी ताटं मोजली, पाच भरली, आणि तेव्हापासून दोन्ही जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोन्ही घरांच्या मधे एकच भिंत आहे.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"म्हनलं, दोन दिसांनी सांगू, राग उतरंल."

"मग?"

"मग तीन दिस झालं की."

मी म्हणालो, "पातळ पत्रा इतकी वर्षं टिकत नाही, तात्या. त्याला आता जळून भोक पडलं असणार. व्हॉल्व उघडला नाही तर गाडी भंगारात. उघडला तर…"

"तर मी," तात्या म्हणाले.

शेवटी ठरलं असं, की काकूंना चहाला पाठवायचं आणि तेवढ्यात पट्टी काढून टाकायची. मी काकूंना चहा सुचवला. काकू म्हणाल्या, गुरुवार आहे, बाहेरचं घेत नाही. समोरच्या देवळात दर्शन घेऊन या म्हणालो. म्हणाल्या, येतानाच घेतलं. मग त्यांनी सूप खुर्चीवर ठेवलं आणि माझा टॉर्च उचलला. "मी धरते बत्ती. ह्येंचं ध्यान ठिकाणावर न्हाई आज."

काकूंनी टॉर्च अगदी नेमका धरला. मी दोन बोल्ट काढले. व्हॉल्व सुटला, त्यामागून पट्टी आली. काळी ठिक्कर, मधे बोट जाईल एवढं भोक. तिच्याकडं बघून ती कधी ताट होती असं कुणी शपथेवर सांगितलं असतं, तरी खरं वाटलं नसतं. तात्यांनी श्वास सोडला. मीही सोडला, आणि सवयीनं पट्टी डिझेलच्या ट्रेमध्ये टाकली.

मी कुठलाही काढलेला भाग ट्रेमध्येच टाकतो. अकरा वर्षांची सवय. काजळी लगेच सुटते.

सुटली.

भांड्यांच्या दुकानात मशीननं ठिपक्याठिपक्यांची नावं घालतात, ती फार चिवट असतात. पत्रा नेमका नावाच्या मधल्या ओळीवरच जळला होता. पण भोकाच्या वर स्वच्छ अक्षरं उरली होती: 'नानासो', आणि खाली 'तासगाव'.

काकूंनी टॉर्च जवळ आणला.

"ह्ये काय?"

"नानासो नावाची लय माणसं असत्यात," तात्या म्हणाले.

"तासगावात?"

"तिथं तर लयच."

काकू पट्टीकडं बघत राहिल्या. मला तात्यांची दया आली. मी काहीतरी करायला हवं होतं, म्हणून जे सुचलं ते केलं. "काकू, ते ताट मी चोरलं होतं."

"तू?"

"हो."

"आमच्या घरनं?"

"हो."

"कवा?"

"जावळाच्या वेळी."

"तू जेवायला तरी आल्तास व्हय रं जावळाला?"

"नाही. फक्त चोरायला आलो होतो."

काकूंनी टॉर्च माझ्या तोंडावर मारला. बराच वेळ मारला. मी चोरासारखा दिसायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

"खरं दिसतंय," त्या म्हणाल्या. "ह्याच्या आईलाच सांगते."

"मी कापलं," तात्या एकदम म्हणाले. "त्या पोराचं काय न्हाई ह्यात. राजेश्वरीचंबी न्हाई. मीच कापलं, माया."

काकूंनी टॉर्च विझवला. मग मला विचारलं, "आता गाडी पास हुईल का?"

"व्हॉल्व साफ केला तर होईल."

"मग कर की."

मी तासभर व्हॉल्व घासला. स्प्रे मारला, ब्रश फिरवला, टोकदार तारेनं कोपरे खरवडले. चहाच्या भुकटीसारखी काजळी वाटीभर निघाली. झडप बोटानं दाबली की उघडायची, सोडली की टक्कन मिटायची. पट्टी न घालता, सांध्याला नवं गॅस्केट टाकून बसवली. गाडी चालू करून रेस केली. मागं पांढरं फडकं धरलं होतं, ते पांढरंच राहिलं. एवढ्या वेळात तात्या उभेच होते आणि काकूंचा घेवडा निवडून झाला होता.

काकूंनी तात्यांपुढं हात केला. तात्यांनी फोन दिला. काकूंनी नंबर लावून स्पीकर चालू केला.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"मी माया."

"कोण माया?"

"भिंतीपल्याडची."

पलीकडचा टीव्ही बंद झाला. मग राजेश्वरीकाकू म्हणाल्या, "बोला आक्का."

"ताट घावलं."

"कुटं?"

"गाडीत."

"गाडीत कुटं?"

"इंजनात."

"आवं आक्का, मी कशाला तिथं ठिवू?"

"तू न्हाई गं. ह्येंनी. चुकलं माजं. सहा वर्सं चुकलं."

पलीकडं कुणीतरी नाक ओढलं. "आक्का, एक सांगू का? ताट मी घेतलं न्हवतं. पर तुमचा झारा माज्याकडं हाय."

"कवापासनं?"

"जावळापासनं. तुमी ताटावरनं एवढा दंगा क्येला, मग झाऱ्याचं कोन सांगतंय?"

काकू विचारात पडल्या. "झारा मी मोजलाच न्हाई की गं."

"म्हनून तर ऱ्हायला."

"आत्ता येतोय आमी. च्या ठिव."

"गुरवार हाय न्हवं?"

"तुजं घर काय बाहेर हाय व्हय?" काकूंनी फोन ठेवला आणि सूप घेऊन मागच्या सीटवर बसल्या. तात्यांना म्हणाल्या, "तुमी गाडी चालवा. बोलू नका."

गाडी वाडीच्या रस्त्याला लागली. चढ होता, तरी काही बाहेर पडलं नाही. गाडीतूनही आणि तात्यांच्या तोंडातूनही.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला राजेश्वरीकाकूंचा फोन आला. त्या साताऱ्याहून, त्याच गाडीच्या मागच्या सीटवरून, आक्काशेजारी बसून बोलत होत्या. गाडी पास झाली होती. ही बातमी खरं तर तात्यांनीच द्यायची होती, पण त्यांना अजून बोलायची परवानगी नव्हती.