हात सोड

सुनेने भाजीची पिशवी पुतळ्याच्या पायरीवर टेकवली. चाकाच्या खुर्चीची मूठ मात्र सोडली नाही. नेहमीसारखीच.

पुराच्या रात्री वाळूची पोती वाहून बंधारा राखणाऱ्या चार बायांचा तो पुतळा. पहाटेपर्यंत त्या दम खायलाही थांबल्या नाहीत म्हणे. म्हणून इथून जाणाऱ्याने हातातलं, डोक्यावरचं ओझं घटकाभर त्यांच्या पायाशी टेकवायचं आणि त्यांच्या वतीने दम खायचा. दूधवाला कॅन टेकवतो, पोस्टमन थैली. पण सासूची खुर्ची सोडायची, म्हणजे चारचौघांत तिला ओझं म्हणायचं. सुनेची जीभ रेटली नसती, मग हात कसे सुटणार?

आज तर तिने मूठ अधिकच घट्ट धरली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. दूरच्या शहरातला मोठा कारखाना कटिंगचा सगळा विभाग तिच्या हाती द्यायला तयार होता. राहायचं तिकडेच, सुट्टीला घरी. आणि आज संध्याकाळपर्यंत कळवायचं. नवऱ्याने मिठाची गुळणी धरलेली. आईंना सांगायचं कोणी, आणि त्यांचं करायचं कोणी? मनात तिने 'नाही' बेतून ठेवलं होतं. फक्त कात्री चालत नव्हती.

"हात सोड," सासू म्हणाली.

"काय, आई?"

"खुर्चीची मूठ सोड. वर्षभर बघतेय. पिशवी टेकवतेस, छत्री टेकवतेस, मला नाही."

"तुम्ही काय ओझं आहात?"

"मग काय पीस आहे? दोन्ही वेळा पोटभर जेवते मी."

सुनेला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. तिने हात सोडले. सासूने वाकून स्वतःच ब्रेक लावला.

"तुझी नणंद सोमवारी येतेय, राहायलाच. पोरं पांगली, घर खायला उठतं म्हणत होती. मी म्हटलं, ये मग इकडे."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"माझ्या लेकाकडून. गुळणी तुझ्यापुढे धरतो, माझ्यापुढे आला की टाकतो."

सून मटकन पायरीवर बसली. किती दिवसांनी छाती भरून श्वास आला होता.

"आता कळव त्यांना. इथूनच. घरी गेलीस की पुन्हा काहीतरी उचलून बसशील."

तिने फोन लावला. 'हो' म्हणताना आवाज कापला, पण शब्द सरळ गेला.

फोन ठेवून ती सवयीने मूठ धरायला वळली, तर खुर्ची तिथे नव्हती. भाजीची पिशवी मांडीवर घेऊन सासू दोन्ही हातांनी चाकं फिरवत घराच्या सपाट रस्त्याला लागली होती. सुनेने भराभर चालत तिला गाठलं आणि शेजारून चालू लागली. रिकाम्या हातांचं काय करायचं, ते तिला घर येईपर्यंत सुचलं नाही.