वसुधाची झोप आणि अडतीसचं ॲव्हरेज

चंदीगडच्या सुखना तलावाच्या काठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत माझी ख्याती अशी, की माधवरावांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेलं चहात बुडवून घ्यावं. म्हणून आधीच सांगतो. या गोष्टीत एक मोर आहे, तो खरा आहे. पेट्रोलचा काटा वर चढल्याचा भाग किंचित वाढवलेला आहे. वसुधाची झोप मात्र जशीच्या तशी आहे, तिच्यात मी काडीची भर घातलेली नाही.

वसुधा म्हणजे माझी बायको. इथल्या मोठ्या वैद्यकीय संस्थेत एकतीस वर्षं भूलतज्ज्ञ होती. मी विद्यापीठात भूगोल शिकवायचो. ती माणसांना इंजेक्शन देऊन झोपवायची, मी नुसतं बोलून, आणि आकडेवारी काढली तर मीच पुढे. त्यांच्या खात्यात एक नियम होता. पेशंट झोपलेला असेपर्यंत त्याच्या उशाशी एकाने जागं राहायचं. चहाला जायचं तरी बदलीच्या डॉक्टरला सगळी केस समजावून सांगायची, आणि तो ‘मैंने ली, मॅडम’ म्हणेपर्यंत स्टूल सोडायचं नाही. हे मला तिने लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ऐकता ऐकता झोपलो होतो म्हणे.

निवृत्त झाली आणि तिची झोप गेली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सव्वा वर्ष. जायफळ झालं, पायाला तेल झालं, म्हशीचं दूध झालं. गोळी घे म्हटलं तर म्हणायची, “त्या गोळ्यांबद्दल मला जे माहीत आहे ते तुम्हाला माहीत असतं, तर तुम्हीही झोपला नसता.”

मी? माझं डोकं उशीला टेकायच्या आधी घोरणं सुरू होतं. “मध्येच तुमचा श्वास थांबतो,” ती म्हणायची, “मी मोजत बसते.” मला ती थट्टा वाटायची.

एकदा तिने फोडणीत मोहरीऐवजी चहापत्ती टाकली. आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग एका दुपारी ती पडदा बाजूला करून म्हणाली, “अहो, अबोली शाळेतून आली नाही अजून?”

आमची अबोली बत्तीस वर्षांची आहे आणि बंगळुरूला असते. मी हसलो नाही. वसुधाही हसली नाही. ती पडदा धरून तशीच उभी राहिली, आणि तिला स्वतःचीच भीती वाटल्याचं मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

अशात एप्रिलमध्ये आमची नवी गाडी आली. हायब्रिड. म्हणजे पोटात पेट्रोलचं इंजिनही आणि बॅटरीवरची मोटरही. कधी कोणी चालवायचं ते गाडी स्वतः ठरवते, आपल्याला विचारत नाही. शोरूममध्ये मी बटण दाबलं, आवाज काहीच नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. शोरूमवाला हात जोडून म्हणाला, “सर जी, गाड़ी चालू थी, आप ही बंद कर रहे हो।” अबोलीने फोनवर समजावलं, “पापा, पहले मैन्युअल पढ़ लो, प्लीज।” तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. मी म्हटलं, “वाचीन गं.” जन्मभर पाठ्यपुस्तक न उघडता शिकवलेला माणूस मी! साडेपाचशे पानांचं ते पुस्तक मी समोरच्या खणात ठेवलं आणि खण लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वसुधाला म्हटलं, चल, चक्कर मारू. वामकुक्षीची वेळ होती. ही आपल्या लोकांची खोड पंजाबात येऊन चाळीस वर्षं झाली तरी गेलेली नाही. वसुधा माझ्या डावीकडे बसली. गाडी पोर्चमधून निघाली ती ढग सरकावा तशी. मे महिना तोंडावर होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अमलतास, म्हणजे आपले बहावे, फुलायला लागले होते, आणि आत नुसता एक बारीक गुंऽऽ असा आवाज. दोन सेक्टर गेले नाहीत तोच मी बोलायला मान वळवली, तर वसुधाचं डोकं काचेला टेकलेलं. तोंड जरासं उघडं. झोपलेली!

मी आनंदाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन घर्रर करून जागं झालं, आणि वसुधाही.

“काय झालं? सूर का बदलला?”

त्या दिवशी मला कळलं की माझ्या बायकोची झोप पेट्रोलवर चालत नाही, बॅटरीवर चालते. तेव्हापासून मी ती गाडी अशी चालवायला शिकलो, की कारखान्यात ज्यांनी ती बनवली त्यांनीही येऊन बघावं. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचा तो पापड मोडणार नाही इतका. थोडा वेग घेतला की पाय उचलून गाडीला आपल्या मनाने घरंगळू द्यायचं. पुढचा लाइट पॉइंट, म्हणजे सिग्नल, लाल दिसला की दोनशे मीटर आधीपासून ब्रेकला नुसतं गोंजारायचं. असं हळू थांबलं की चाकांतली शक्ती परत बॅटरीत जाते, कचकन थांबलं की वाया जाते. टायरमधली हवा दर सोमवारी तपासायची. एसी सव्वीसवर. गाडी लावायची ती झाडाच्या सावलीत, म्हणजे बसल्याबसल्या थंड करायला बॅटरी खर्च होत नाही.

आणि उतार! इथे माझा भूगोल पहिल्यांदाच कामाला आला. चंदीगड सपाट आहे असं सगळे समजतात. नाही. हे शहर शिवालिकच्या पायथ्यापासून नैर्ऋत्येला हळूहळू कललेलं आहे, चांगल्या वाढलेल्या ताटासारखं. वर कॅपिटल कॉम्प्लेक्सपासून गाडी सोडली, की खाली सेहेचाळीस-सत्तेचाळीस सेक्टरपर्यंत ती जवळजवळ आपल्या वजनावर येते. शेवटी शेवटी तर पेट्रोलचा काटा वर चढायला लागला होता. (हा तो किंचित वाढवलेला भाग.) मोर मात्र खरा. सावलीत लावलेल्या गाडीच्या बॉनेटवर तो झोपला होता, मी गाडी काढली तरी त्याला कळलं नाही, आणि दोन चौक ओलांडल्यावर त्याने डोळे उघडून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याच्या बॉनेटवर बसलोय.

एकदा एका वाहतूक पोलिसाने हात केला. काच खाली केल्यावर म्हणाला, “अंकल जी, चालान तेज चलाने का होता है। आपका किस बात का काटूँ?” मी ओठांवर बोट ठेवून वसुधाकडे खूण केली. त्याने वाकून पाहिलं, चवड्यांवर चालत मागे फिरला, आणि आमच्यासाठी अख्खा चौक थांबवला.

तलावावरच्या मंडळींना वाटायचं मी ॲव्हरेजच्या मागे लागलोय. विंग कमांडर यतीन घोरपडे, मूळचे कोल्हापूरचे, गाडी माझ्यासारखीच, रंग तेवढा वेगळा. रोज सकाळी विचारायचे, “काय माधवराव, किती?”

“अडतीस.”

“अडतीस? लिटरला? माझी सत्तावीसच्या वर जाईना की राव! ढकलत नेताय काय?”

“घोडा लावलाय पुढे.”

“तसं असंल तर घोड्याचं ॲव्हरेज सांगा!”

बायकोची झोप काय चव्हाट्यावर सांगायची गोष्ट आहे? तशी ती रोज तास-दीड तास झोपत होती. चहापत्ती डब्यात राहत होती, मोहरी फोडणीत पडत होती. अबोलीच्या शाळेची आठवण पुन्हा निघाली नव्हती. पण घरी पलंगावर अजूनही डोळ्याला डोळा नाही.

म्हणून मी आणखी सोय केली. तिच्या आईने शिवलेली गोधडी आणि दोन उशा मागच्या सीटवर नेऊन टाकल्या, गोधडीची टोकं सीटखाली लोंबत राहिली. लागेल तेव्हा हाताशी.

त्याच दुपारी चमत्कार असा, की सगळे दिवे हिरवे मिळत गेले. माझा नियम साधा होता : हिरवा मिळाला की वळायचं नाही, उगाच ब्रेक नको. मी वळलो नाही. चौकामागून चौक आले आणि गेले. अमलतास पूर्ण फुलले होते, वाऱ्यावर पिवळ्या पाकळ्या काचेवर उतरायच्या आणि घसरून जायच्या. रस्ता उन्हात विरघळल्यासारखा समोर हलत होता. आपण गाडीत नसून कुठल्यातरी पिवळ्या नदीत होडी सोडून बसलोय, असं मला वाटायला लागलं. वसुधाचा श्वास संथ चालू होता. मी स्क्रीनवर बॅटरीच्या रेघा बघत होतो आणि मधून मधून तिच्याकडे. होडी वाहत वाहत कुठे लागली असेल? थेट शहराबाहेर, झिरकपूरला.

झिरकपूरच्या कोंडीत होडीसुद्धा बुडते. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना घरी पोचायची घाई असलेले लोक. बेचाळीस डिग्री ऊन. बॅटरीच्या रेघा सहाच्या चार झाल्या, चाराच्या दोन. मी एसी बंद केला. घाम कपाळावरून चष्म्यात उतरला. हॉर्नचा कल्लोळ होता, पण हॉर्नने वसुधा उठत नाही, तो बाहेरचा. तिला उठवतो तो आपल्या यंत्राचा बदललेला सूर. मागच्या सीटखालून कसलातरी पंखा जोरजोरात फिरायला लागला. मी हात जोडले. कुणाला, ते माहीत नाही. बहुधा बॅटरीला.

इंजिन चालू झालंच. घर्रर.

वसुधाच्या पापण्या हलल्या. डोळे अर्धे उघडले, पण त्यांत मी नव्हतो, झिरकपूर नव्हतं. ती दूर कुठल्यातरी हिरव्या पडद्यांच्या खोलीतून बघत होती. स्पष्ट, खात्यातल्या आवाजात तिने विचारलं, “केस किसने ली?”

का ते सांगता येत नाही, पण माझ्या तोंडून निघून गेलं, “मैंने ली, मॅडम। आप जाइए।”

“पक्का?”

“पक्का, मॅडम.”

तिने डोळे मिटले. खांदे असे खाली आले, जणू कुणी तिच्या पाठीवरून एकतीस वर्षांचा ॲप्रन काढून घेतला. इंजिन घुरघुरत राहिलं आणि ती झोपत राहिली.

मी एसी पुन्हा लावला. परतीचा सगळा रस्ता चढाचा. अख्खं शहर इंजिनवर चढत आलो, खड्ड्यात आदळलो, एकदा तर कचकन ब्रेक मारला. ॲव्हरेज अडतीसचं चोवीस झालं. वसुधा पोर्चमध्ये गाडी बंद केल्यावर उठली. “चहाची वेळ झाली की हो!”

मी तिला सगळं सांगितलं. तिने मान खाली घातली. मग म्हणाली, “घरी तुम्ही आधी झोपता. मग कुणीतरी जागं नको?”

म्हणजे मोटर नाही, गुणगुण नाही, सव्वीसचा एसी नाही. रोज दुपारी तिच्या शेजारी एक माणूस डोळे उघडे ठेवून काट्याकडे बघत बसायचा, एवढंच. आणि मी चाळीस वर्षं तिच्या बाजूला पेशंटसारखा पडून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर मी किल्ली उचलली नाही. खणातलं ते साडेपाचशे पानी पुस्तक तेवढं काढून आणलं आणि पलंगाच्या उशाशी स्टूल ओढलं.

“तुम्ही? वरण-भात खाऊन जागे राहणार?” वसुधा म्हणाली. “पैज लावता?”

“झोप तू. मी आहे.”

ती डाव्या कुशीवर वळली. थोड्या वेळाने भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, “घेतली?”

“घेतली.”

मी पान एकपासून सुरुवात केली. डोळ्यांवर झापड येत होती, वाक्यं एकमेकांत पोहत होती. एका पानावर मोठ्या अक्षरात सूचना सापडली : मागच्या सीटखालच्या जाळीवर कापड, उशी किंवा पांघरूण ठेवू नये, त्यामुळे बॅटरी तापते आणि इंजिन वारंवार चालू होते. सासूबाईंची गोधडी! मी मोठ्याने हसणार होतो, पण तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात फोन थरथरला. घोरपड्यांचा मेसेज : “आज किती?”

मी एका बोटाने लिहिलं, “गाडी पोर्चमध्ये. दोन तास झाले. पेट्रोल शून्य.”

“काय थापा मारताय राव,” लगेच उत्तर आलं.

मी फोन पालथा ठेवला. वसुधाचे श्वास मोजले. मिनिटाला चौदा. पुन्हा मोजले. चौदाच. मग आवाज न करता पान उलटलं. पुढचा धडा वायपरचा होता.